वेळेअभावी

“वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, त्याबद्दल क्षमस्व.” आमच्या अर्थशास्त्र विभागात वर्षाकाठी चार-पाच अतिथी व्याख्यानं होतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी हे वाक्य येतं. बावीस वर्षं मी ते ऐकतो आहे. पहिली काही वर्षं वाटायचं, खरंच उशीर झाला असेल. आता तसं वाटत नाही. वेळ असतो. तो कुठे जातो हे मी एकदा घड्याळ समोर ठेवून लिहून काढलं, आणि तेव्हापासून हे वाक्य कानावर पडलं की मला राग येतो.

सप्टेंबर २०२३ चा शेवटचा आठवडा होता. आमचं कॉलेज नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात. व्याख्यानाचा विषय होता ‘पाच ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था : संधी आणि आव्हाने’. आमच्याकडे कुठल्याही विषयाला ‘संधी आणि आव्हाने’ हे शेपूट लागतं. जीएसटी असो, सहकार असो, डिजिटल व्यवहार असोत, पुढे तेच. एवढ्या ऐसपैस विषयात नेमकं काय सांगायचं हे पाहुण्याला उमगत नाही आणि काय विचारायचं हे मुलांना सुचत नाही. नुकसान इथूनच सुरू होतं.

कार्यक्रम साडेदहाचा. मुलांना सव्वादहालाच वर्ग सोडायला लावून सभागृहात बसवलं होतं. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. मिळून शंभराच्या वर मुलं. सोयाबीन सोंगणीचे दिवस, त्यामुळे त्यांतली बरीचशी घरचं काम टाकून किंवा त्या दिवसाचा रोज बुडवून आलेली. प्राचार्य दुसऱ्या बैठकीत होते. मंचावर सगळे आले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मागच्या रांगेत बसून हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर वेळा टिपायला लागलो.

दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन, नऊ मिनिटं. समईच्या वाती वाऱ्यानं विझत होत्या म्हणून पंखे बंद केले, ते पुन्हा लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. स्वागतगीत, पाच मिनिटं. सत्कार, अकरा मिनिटं. पाहुण्यांचा सत्कार करावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुरून आलेल्या माणसाला शाल आणि नारळ द्यायची आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण पाहुण्यांनंतर प्राचार्यांचा सत्कार, मग उपप्राचार्यांचा, मग गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांचा, मग विभागप्रमुखांचा. ही सगळी माणसं रोज एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात. त्यांनी एकमेकांना गुलाबाची फुलं देताना शंभर मुलांनी टाळ्या का वाजवायच्या, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

प्रास्ताविक, तेरा मिनिटं. परिचय, नऊ मिनिटं. परिचय वाचणारी मुलगी दोन दिवस तयारी करत होती. तिच्या हातात पाहुण्यांच्या बायोडेटाची तीन पानं होती आणि त्यांतलं काही गाळायचं नाही अशी तिला ताकीद होती. किती शोधनिबंध, किती परिषदा, कुठकुठल्या समित्यांचं सदस्यत्व. ती धापा टाकत वाचत होती आणि खाली एक शब्द कुणी ऐकत नव्हतं. या माणसानं आयुष्यात कशाचा अभ्यास केला, हे त्या तीन पानांत एका ओळीतही नव्हतं.

अकरा बावन्नला पाहुणे उभे राहिले. बारा अडतीसला बसले. शेहेचाळीस मिनिटं. त्यानंतर अध्यक्षीय समारोप बावीस मिनिटं आणि आभार नऊ मिनिटं. आभारात साउंड सिस्टीमवाल्यापासून ज्ञात-अज्ञात हितचिंतकांपर्यंत सगळे आले. मग ते वाक्य, मग राष्ट्रगीत. एक वाजून दहा मिनिटं. एक वीसची एसटी चुकली की खेड्यांवरच्या मुलींना पुढची गाडी तीनला, त्यामुळे राष्ट्रगीताचा शेवटचा शब्द संपताच अर्धं सभागृह दरवाज्यात होतं.

म्हणजे साडेदहा ते एक दहा, एकशे साठ मिनिटं. त्यांत व्याख्यान शेहेचाळीस मिनिटं आणि प्रश्नोत्तरं शून्य. समारोपाच्या बावीस मिनिटांतली पंधरा मुलांना दिली असती तर कुणाचं काही अडणार नव्हतं. अध्यक्षांनी त्या वेळात पाहुण्यांचंच बोलणं त्यांच्यापेक्षा जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं.

आता त्या शेहेचाळीस मिनिटांबद्दल. पहिली सहा-सात मिनिटं पेनड्राइव्हमध्ये गेली. पाहुण्यांनी स्लाइड्स श्रीलिपीत टाइप केल्या होत्या आणि आमच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर मराठीच्या जागी उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं आणि कंस उमटले. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक व्याख्यानाला आमच्याकडे हेच होतं आणि आदल्या दिवशी एकदा पेनड्राइव्ह लावून बघू या, असं कुणालाही वाटत नाही. बिचारे पाहुणे पडद्याकडे पाठ करून तोंडी बोलायला लागले आणि तोंडी बोलायचं म्हटल्यावर जे सगळेच करतात तेच त्यांनी केलं. अर्थशास्त्र म्हणजे काय, इथून सुरुवात. १७७६, अ‍ॅडम स्मिथ, संपत्तीचं शास्त्र. १८९०, मार्शल, कल्याणाचं शास्त्र. १९३२, रॉबिन्स, दुर्मीळतेचं शास्त्र. अधूनमधून कौटिल्य. टी.वाय.च्या मुलांनी हे अकरावीपासून परीक्षेत लिहिलेलं असतं. त्यांना ते तोंडपाठ असतं आणि त्याचा कंटाळाही असतो. अर्थशास्त्रात पदवी घेणाऱ्या मुलांना पाहुण्यानं पुन्हा व्याख्येपासून शिकवणं मला अपमानासारखं वाटतं. त्यात पाहुण्याच्या मनात अपमान नसतो, हेही मला माहीत आहे.

नंतर पाच ट्रिलियन. हा शब्द त्या दिवशी किती वेळा उच्चारला गेला ते मी मोजलं नाही, पण एकदाही कुणी सांगितलं नाही की एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी आणि पाच ट्रिलियन डॉलर म्हणजे पाच लाख कोटी डॉलर. आमची मुलं क्विंटल, लाख आणि कोटीत विचार करतात. त्यांच्यासाठी एक ओळ फळ्यावर लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

ही सगळी तक्रार पाहुण्यांवर ढकलावी असं मला मुळीच वाटत नाही. ते दीडशे किलोमीटरवरून दोन गाड्या बदलून आले होते. मानधनाचं पाकीट हातात ठेवताना मलाच संकोच वाटला. त्यांना आदल्या संध्याकाळी फोनवर काय सांगितलं होतं, तर “पाऊण तास बोला, विषय तसा जनरलच आहे.” समोर कोण बसणार आहे, मुलं कुठल्या घरची आहेत, त्यांनी काय वाचलं आहे, गावात सध्या काय चाललं आहे, यातलं त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं.

गावात तेव्हा काय चाललं होतं? १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं. त्यावर आंदोलनं झाली होती. २० सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी बाजार समित्यांमधले लिलाव बंद ठेवले होते. सभागृहात बसलेल्या किती तरी मुलांच्या घरी चाळीत उन्हाळ कांदा पडून होता आणि रोज थोडा थोडा सडत होता. अर्थशास्त्र त्या आठवड्यात आमच्या गावाच्या रस्त्यावर उभं होतं आणि सभागृहात आम्ही रॉबिन्सची व्याख्या ऐकत होतो.

कार्यक्रम संपल्यावर एस.टी.कडे पळता पळता टी.वाय.ची एक मुलगी माझ्या हातात वहीचा फाडलेला कागद देऊन गेली. पाहुण्यांना विचारायचा प्रश्न तिनं आधीच लिहून आणला होता. “सर, निर्यातशुल्क लावलं ते गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून. आमच्या चाळीतल्या कांद्याचा भाव लगेच उतरला. पण माझी मावशी कल्याणला राहते, तिला कांदा तेवढा स्वस्त मिळत नाही. मधले पैसे कुठे जातात?”

हा प्रश्न मी किती वेळा वाचला असेल. यात कराचा भार शेवटी कुणावर पडतो हा सिद्धान्त आहे, मागणी-पुरवठ्याची लवचीकता आहे, बाजारातल्या मधल्या साखळीचा हिशेब आहे. चाळीतला कांदा थांबू शकत नाही. त्याचं वजन घटतं, त्याला कोंब फुटतात, आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर भार जास्त पडतो. शिवाय हमाली, तोलाई, बारदान, गाडीभाडं, वाटेतली घट ही बरीचशी गोणीमागे मोजली जातात, भावाच्या टक्क्यांत नाही. किलोमागे चार रुपये उतरले तर शेतकऱ्याच्या भावातली ती मोठी घट असते आणि कल्याणच्या दुकानातल्या भावात तेच चार रुपये किरकोळ दिसतात, तेही दुकानापर्यंत पुरते पोचले तर. लवचीकतेचं हेच प्रकरण आम्ही वर्गात चहा-कॉफीच्या उदाहरणानं शिकवतो. ती मुलगी ते स्वतःच्या चाळीतून शिकून आली होती आणि तिला उत्तर देऊ शकेल असा माणूस आमच्या मंचावर बसला होता.

देऊ शकेल, हे मी अंदाजानं म्हणत नाही. कार्यक्रमानंतर विभागात जेवण होतं. वरणभात कालवता कालवता पाहुणे सहज बोलायला लागले. पीएच.डी.साठी त्यांनी खानदेशातले आठवडे बाजार पायी फिरून काढले होते. बाजाराच्या दिवशी पहाटे जाऊन बसायचं, कोथिंबिरीची जुडी शेतकऱ्याकडून कितीला सुटली आणि दुपारी बाईच्या पिशवीत कितीला पडली, हे हातानं लिहायचं. पावसाळ्यात भाव सकाळी चढा असतो आणि ढग आले की तासाभरात कसा कोसळतो, ते त्यांनी बोटांनी ताटावर आलेख काढून दाखवलं. आम्ही सहा प्राध्यापक घास हातात धरून ऐकत राहिलो. खरं व्याख्यान ते होतं, आणि ज्यांच्यासाठी पाहुणे बोलावले होते त्या मुलांपैकी तिथं कुणी नव्हतं. ज्यांची एसटी चुकली होती त्या सात-आठ मुली बाहेर व्हरांड्यात डबे खात होत्या. त्यांना आत बोलवावं हे मला सुचलं नाही, याची मला अजून टोचणी आहे. पाहुणे तीन वाजेपर्यंत आमच्याकडे होते.

मुलांशी संबंध नसलेलं व्याख्यान फेब्रुवारीत तर ठरलेलंच असतं. १ तारखेला केंद्राचा अर्थसंकल्प आला की त्या आठवड्यात आमच्याकडे ‘अर्थसंकल्पाचे विश्लेषण’ होतं. २०२५ साली आलेल्या व्याख्यात्यांचा निम्म्याहून अधिक वेळ नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर कसा लागणार नाही, यात गेला. समोरच्या मुलांपैकी कुणालाच उत्पन्न नव्हतं आणि बहुतेकांच्या घरचं उत्पन्न शेतीचं, ज्याच्यावर आयकर मुळातच नाही. त्याच अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्याची घोषणा होती. कडधान्यांसाठी सहा वर्षांचं अभियान होतं. रोजगार हमीसाठी ८६,००० कोटींची तरतूद होती. ज्या रोजगार हमीची कल्पना याच महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी मांडली, जिचा कायदा १९७७ साली आपल्या विधिमंडळानं केला आणि जी देशानं २००५ मध्ये उचलली, तिच्याबद्दल एक वाक्य नाही. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. त्यावर आमच्याकडे आजवर एकही व्याख्यान झालेलं मला आठवत नाही. मार्चमध्ये परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि वर्षाचा व्याख्यानांचा आकडा तोवर पुरा झालेला असतो.

आकडा, हे या दुखण्याचं मूळ आहे. नॅकच्या फाइलला कार्यक्रम लागतात. कार्यक्रमाला जिओटॅग केलेला फोटो लागतो, सह्यांचा हजेरीपट लागतो, अहवाल लागतो. फोटोत फ्लेक्स पूर्ण दिसला पाहिजे, म्हणून व्याख्यान चालू असताना फोटो काढणारा पाहुण्यांना “सर, जरा उजवीकडे” असं सांगतो आणि पाहुणे वाक्य अर्धवट सोडून सरकतात. हजेरीपट भाषण चालू असताना रांगेतून फिरतो, पेन नसतं, मुलं एकमेकांकडे पेन मागत राहतात. अभिप्रायाचा क्यूआर कोड तर व्याख्यान संपायच्या आधीच ग्रुपवर येतो. हे कागद नकोत असं मी म्हणत नाही. मी स्वतः दोनदा नॅकच्या फायली लावल्या आहेत, आणि नोंद ठेवणं चांगलंच असतं. पण नोंद कशाची? आमच्या अहवालात दर वेळी एकच वाक्य असतं: “प्रमुख व्याख्यात्यांनी उपस्थितांना मौलिक मार्गदर्शन केले.” काय मार्गदर्शन, ते नाही. एखादा अहवाल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहून तयार असतो. कुठल्या मुलानं काय विचारलं याच्यासाठी त्या नमुन्यात रकानाच नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याला वेळही मिळत नाही.

व्याख्यान ऐकणं ही या भागातली जुनी आवड आहे, म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यांनीच १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि इंग्लंडच्या परिस्थितीत जन्मलेले सिद्धान्त इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत, इथली परिस्थिती बघून विचार करावा लागेल, हे ठासून सांगितलं. ते व्याख्यान आजही अभ्यासाला लावतात. डॉ. आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे स्मारक व्याख्यानात संघराज्याच्या योजनेची चिरफाड केली आणि त्याचं पुस्तक झालं. या व्याख्यानांमध्ये कुणीतरी आधी खूप मेहनत घेऊन, एक नेमका मुद्दा घेऊन उभं राहिलं होतं. आमच्या गावात रानडे येणार नाहीत हे मला कळतं. पण आठवडे बाजार पायी फिरलेला माणूस आला होता, आणि आम्ही त्याला ट्रिलियनवर बोलायला लावलं.

मी त्या वर्षी विभागाच्या बैठकीत लेखी मागणी केली. सत्कार फक्त पाहुण्यांचा. परिचय पाच वाक्यांत, त्यांतलं एक त्यांच्या अभ्यासाबद्दल. मुलांचे प्रश्न आठ दिवस आधी गोळा करून पाहुण्यांना पाठवायचे. प्रश्नोत्तरं वीस मिनिटं, अध्यक्षीय समारोपाच्या आधी. आणि अहवालात प्रश्न लिहायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी विरोध केला नाही. पुढच्या कार्यक्रमात उपप्राचार्यांचा सत्कार झाला नाही म्हणून थोडी नाराजी झाली, त्याच्या पुढच्या कार्यक्रमात तो पुन्हा सुरू झाला. बाकीच्या गोष्टी ‘पुढच्या सत्रापासून बघू’ या शेऱ्याखाली तशाच पडून आहेत.

ती मुलगी जून २०२४ मध्ये दाखला न्यायला आली. मधल्या काळात, डिसेंबरमध्ये, कांद्याची निर्यातच बंद झाली होती आणि मे महिन्यात ती पुन्हा खुली झाली होती. तिनं पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. सप्टेंबरपासून तिचे वडील ज्या ज्या दिवशी बाजारात कांदा घेऊन गेले त्या दिवशीच्या पट्टीवरचा भाव, कापलेली हमाली, तोलाई, गाडीभाडं असं डाव्या बाजूला. उजव्या बाजूला, त्या आठवड्याच्या रविवारी कल्याणच्या मावशीनं फोनवर सांगितलेला भाव. नऊ महिने. काही रविवारी मावशीचा फोन लागला नव्हता, तिथं तिनं जागा मोकळी सोडली होती, अंदाजानं आकडा भरला नव्हता. “ते सर पुन्हा येणार असतील तर त्यांना दाखवायचं होतं,” ती म्हणाली.

मी वहीची पानं मोबाइलवर फोटो काढून पाहुण्यांना पाठवली, सोबत तिचा जुना कागदही. रात्री नऊला त्यांचा फोन आला. एकेका तारखेवर ते थांबत होते, हा आकडा पट्टीवरचा की हातात पडलेला, मोकळ्या जागा का, मावशी दुकानातून घेते की हातगाडीवरून. मला त्यातलं निम्मं सांगता येत नव्हतं, म्हणून मी मुलीचा नंबर तिला विचारून देतो म्हणालो. मग ते थोडा वेळ गप्प राहिले.

“सर, हा प्रश्न तिनं त्याच दिवशी लिहिला होता ना?”

“हो.”

“मग मला का नाही विचारला? मी तीनपर्यंत तिथंच होतो.”